कुंझुमच्या अलीकडची घंटी

सुवर्णाचा फोन आला तेव्हा मी लातूरजवळच्या मुरुडला भाचीकडे पोहे खात होतो. "काका, अप्पा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मी विचारलं, "कुठं?" माणूस असल्या वेळी किती मूर्खासारखा बोलतो... पण तिच्या वडिलांच्या बाबतीत मी जन्मभर हाच प्रश्न विचारत आलो होतो. सकाळी आंघोळ करून, तळहातावर इष्टलिंग घेऊन अप्पा पूजेला बसला, तो उठलाच नाही. दुपारी लातूरला पोहोचलो. त्यांच्या लिंगायतांत देह बसवून समाधी देतात. अप्पाला तसं ताठ बसवलेलं पाहिलं आणि वाटलं, समोर फक्त स्टिअरिंग तेवढं नाही. मग मात्र मला रडू आवरलं नाही.

मन्मथअप्पा एसटीचा ड्रायव्हर आणि मी कुलकर्णी, त्याचा कंडक्टर. एकवीस वर्षं आम्ही लातूर-नांदेड केली. अहमदपूर, लोहा, नांदेड आणि परत. त्या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता. एखादा नवा पडला की आपल्याला न विचारता पडला म्हणून तो नाराज व्हायचा. त्याचा एक नेम होता : घंटीशिवाय गाडी हलवायची नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे सगळ्याच गाड्यांत असतं. पण बाकीचे ड्रायव्हर आरशात बघून, नुसतं "चला" ऐकूनही निघतात. अप्पा नाही. एकदा लोह्याला घंटीची दोरी तुटली. मी मागून ओरडतोय, प्रवासी ओरडतायत, आणि हा गप्प बसलेला. शेवटी गर्दीतून पुढे घुसून मी लोखंडी दांड्यावर तिकिटाच्या पंचनं दोन टोले मारले, तेव्हा गिअर पडला. मी तावातावानं भांडलो, तर म्हणतो कसा, "मला म्होरचं दिसतंय, तुला मागचं. दोघांचं जमल्याबिगर गाडी हलत नसती कुलकर्ण्या."

कुंझुमचं वेड त्याला लागलं ते नांदेडात. गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेला पंजाबचा एक ट्रकवाला चहाच्या टपरीवर भेटला. त्यानं सांगितलं, हिमाचलात स्पितीच्या टोकाला कुंझुम नावाची खिंड आहे, तिच्या माथ्यावर देवीचं देऊळ आहे, आणि तिथं पोहोचलेली गाडी देवळाला प्रदक्षिणा घालून मगच पुढं जाते. माणूस नव्हे, गाडी! अप्पाचा चहा हातात तसाच निवला. परतीच्या वाटेवर अहमदपूरला टायर बघायला उतरला तेव्हा म्हणाला, "येकाच रस्त्यानं ये-जा करायलो. येकदा तरी तिथं गाडी फिरवायची." निवृत्त झाल्यावर त्यानं खरंच एक जुनी जीप घेतली आणि तीन वर्षं ती खोलून-जोडून नवी केली. सुवर्णा लातूरला क्लासमध्ये गणित शिकवते. तिनं अप्पाचं वय, माझे गुडघे, हवेतला प्राणवायू असं सगळं मांडून दाखवलं. अप्पानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी देवणीच्या बाजारातून बैलाच्या गळ्यात बांधायची पितळी घंटी आणली. ती जीपमध्ये टांगून दोरी माझ्या सीटपर्यंत ओढली. मी म्हणालो, "अरे, मी तुझ्या शेजारीच बसणार ना?" "तू कंडक्टर हायस का न्हाईस?" विषय संपला.

दोन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर आम्ही निघालो, तेही आधी नांदेडला. सुरुवात आपल्याच रस्त्यानं झाली पाहिजे हा त्याचा हट्ट. सिमल्याच्या पुढे किन्नौर, मग स्पिती. तिथं मैलोन्मैल झाड नाही. उघडेबोडके डोंगर, कुठं तांबडे, कुठं जांभळे, आणि खूप खाली नदीची एक बारीक धार. "आपल्याकडं बी असला दुष्काळ न्हाई पडला," असं म्हणून अप्पा रस्त्याकडेच्या दगडावर टेकला आणि तासभर उठला नाही. रोज सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. तरी हा आंघोळ करून इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. आणि रस्त्यात कुणी हात केला की गाडी थांबलीच! एकदा मांडीवर गॅसची टाकी घेतलेला एक लामा आणि मटारची पोती घेतलेल्या दोन बाया मागे बसल्या. मीही नकळत कमरेशी तिकिटाची बॅग चाचपली. अप्पा इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. हा लेख मी ते सांगण्यासाठीच लिहायला घेतला.

लोसर हे खिंडीच्या अलीकडचं शेवटचं गाव. तिथून आम्ही सकाळी चढायला लागलो. निम्म्या चढावर रस्ता वाहून गेला होता. वरून बर्फाचं पाणी आडवं येत होतं आणि पलीकडे सरळ कडा. अप्पा उतरला, पँट वर करून पाण्यात गेला, पायानं दगड चाचपले आणि परत येऊन बसला. धाप लागली होती त्याला, पण चेहरा फुलला होता. "निघती गाडी. मार घंटी." मी कड्याकडे पाहिलं. मी दोरी ओढली... एकदाच.

अप्पानं माझ्याकडे पाहिलं. "येक?" मी मान हलवली. त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. फर्लांगभर गाडी उलटी घेतली, वळवली आणि लोसरला आणली. चहा घेताना म्हणाला, "मला धाप लागली म्हून ओढलीस व्हय?" मी म्हणालो, "हो."

खोटं बोललो मी. त्याच्या छातीची काळजी नव्हती मला, माझ्या जिवाची होती. आणि तो दोन वर्षं लातूरभर सांगत राहिला, "माझ्या छातीनं दगा दिला, न्हाईतर कुलकर्ण्यानं मला नेलंच होतं." मी शेजारी बसून ते ऐकायचो. गेल्या महिन्यातल्या शेवटच्या भेटीतही जीपचं तेल बघत तो म्हणाला, "यंदा छाती झाक हाय." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी चहा पिऊन घरी आलो.

समाधीनंतर तिसऱ्या दिवशी मी सुवर्णाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या काका. ती तसं म्हणाली नाही. तिनं खिडकीतून जीपकडे पाहिलं आणि खुंटीवरची किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. "घंटी तुम्ही चुकवली, तर गाडी तुम्हीच न्यायची. मी शिकवते."

एकवीस वर्षं गाडीत काढली, पण मला सायकलपलीकडे काही येत नव्हतं. त्रेसष्टाव्या वर्षी क्लच शिकणं हा काय प्रकार असतो, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. रिंगरोडवर शाळकरी पोरं हसतात. एक कुत्रं रोज थोडं अंतर शेजारून चालत येतं आणि कंटाळून पुढे निघून जातं. पण मी सोडणार नाही. परवा चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला जमली. लायसन्स निघेल, मग घाटांचा सराव. या गणपतीनंतर की पुढच्या, ते गुडघे ठरवतील. पण कुंझुमच्या देवळाला ही जीप प्रदक्षिणा घालणार.

आज सकाळी मी अप्पाच्या सीटवर बसलो. त्या सीटला त्याच्या पाठीचा खोलगट आकार आलाय, मी त्यात मावत नाही. गाडी सुरू केली, गिअर टाकला, आणि थांबलो. शेजारी सुवर्णानं दोरी हातात धरली होती. ती मागं बघत होती, एक टेम्पो जाऊ देत होती. तेवढ्या क्षणात कळलं, दुसऱ्याच्या घंटीची वाट बघत बसायला केवढा विश्वास लागतो. एकवीस वर्षं तो असा बसत होता, माझ्यावर भरवसा ठेवून. त्या कड्याजवळही तसाच बसला होता.

"काका, रस्ता मोकळा आहे," सुवर्णा म्हणाली.

"नुसतं सांगू नकोस," मी म्हणालो. "घंटी मार."

दोन टोले पडले. मी क्लच सोडला.