तिथीची पाऊणपट

माझे वडील चौथीपर्यंत शिकले आणि मग आजोबांच्या होडीवर गेले. भरती किती वाजता येणार, हे सांगायला त्यांना पुस्तक लागत नसे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता पाणी भरणार, अष्टमी असेल तर सहा वाजता. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात ही रीत सगळ्यांना माहीत होती, पण हिशेब सगळ्यांच्या आधी बाबा करायचे. जेटीवरून जाणारा माणूस ओरडून विचारायचा, "काका, आज पाणी कधी?" आणि बाबा जाळे विणता विणता मान वर न करता वेळ सांगायचे. गावात त्यांच्याजवळ मान म्हणावा असा एवढाच होता. तो कसा गेला आणि त्यात माझा हात किती होता, ते मला सांगायचे आहे.

मी घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो आणि बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. मला लावून घेतले ते आमच्या साहेबांनी. साहेब बडोद्याचेच मराठी, त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. मुलाखतीत माझे इंग्रजी अडखळले तेव्हा ते म्हणाले, "मराठीत सांग, समजेल मला." पुढे बडोद्यातच फतेगंजला युनिव्हर्सिटीत एम. एस्सी. करता यावे म्हणून त्यांनी माझी पाळी बदलून दिली. माझे लग्न बडोद्याच्या वाडी भागातल्या मराठी मुलीशी जुळले, तेही त्यांच्याच ओळखीने. हे सगळे खरे आहे. ते उपकार मी आजही मानतो. फक्त उपकार करणाऱ्याला आपण किती वर्षे गप्प राहून फेड द्यायची, याचे कोष्टक कुणी छापलेले नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बाजार खुला झाला होता, कारखान्याला परदेशी भागीदार मिळणार होता आणि आमच्या भिंतींना अचानक रंग लागला होता. साहेबांनी एक साहस मंडळ काढले होते. भागीदारांची माणसे कारखान्याच्या वर्धापनदिनाला येणार, तर त्यांना काहीतरी भव्य दाखवायचे, असे ठरले. मकरपुऱ्यात पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका फायबरवाल्याकडून त्यांनी एका माणसाची लांब, निमुळती होडी करून घेतली. तिला सगळे कनू म्हणत. तिच्या दोन्ही बाजूंना कारखान्याचे नाव रंगवले आणि साहेब मला म्हणाले, "दर्यावर्दी, तू कोळ्याचा मुलगा. कावीच्या खाडीतून निघायचं आणि एकट्याने वल्हवत थेट तुझ्या गावच्या जेटीला लागायचं. मी तिथे हार घेऊन उभा."

वर्धापनदिन नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येत होता. मी बाबांना पत्र टाकले. त्यांचे उत्तर आले ते चार ओळींचे. "नारळ टाकला म्हणून दर्या शांत होत नाही, फक्त नारळ जातो. महिनाभर थांब. सायबांना सांग."

मी साहेबांना सांगितले नाही. बायको तेव्हा चिडली. तिची मराठी घरात शुद्ध आणि रागात निम्मी गुजराती. ती म्हणाली, "अहो, नोकरी त्यांनी दिली, जीव काय त्यांनी दिलाय? साहेबांना म्हणावं, तुम्ही बसा होडीत, आम्ही झेंडो दाखवतो."

"असं बोलता येत नाही."

"केम नाही येत? तोंड आहे ना?"

तोंड होते. ते उघडायची सवय नव्हती.

निघण्याआधी मी सगळ्या दिवसांच्या भरतीच्या वेळा बाबांच्या रीतीने काढल्या. साहेबांनी त्यांच्याकडचे छापील कोष्टक मला दिले. ते मुंबई बंदराचे होते. मी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिले. द्वितीयेला बाबांच्या हिशेबाने दीड वाजत होता, छापील कागदात एक अठरा. बारा मिनिटांचा फरक. मला अभिमान वाटला. मी साहेबांना तो दाखवलाही. "वा," ते म्हणाले, "म्हातारा हुशार आहे." हे वाक्य मी विसरलेलो नाही. तेही विसरले असतील असे मला वाटत नाही.

वर्धापनदिनाला सकाळी सात वाजता खंभातच्या आखाताकाठी, कावीला बँड वाजला. आमच्या दोन्ही हिशेबांनी त्या वेळी ओहोटी पुरी व्हायला हवी होती. खाडी मात्र तुडुंब होती. मी मनाशी म्हटले, मही नदीला पूर आहे, पुराचे पाणी असेल. काठावरचा एक नावाडी पुढे येऊन म्हणाला, "भाई, आंयनुं पाणी जुदुं." इथले पाणी वेगळे आहे, एवढेच तो सांगत होता. साहेबांनी त्याला हाताने बाजूला केले, कारण तो फोटोत येत होता. मीही त्याला थांबवून विचारले नाही. आपण शिकलेले, ही घमेंड माझीही होती.

पहिला दिवस वाऱ्याशी झटापटीत गेला. खंभातचा समुद्र मातकट, उकळत्या चहासारखा. लाट कोकणातल्यासारखी लांबून येत नाही, चारी बाजूंनी उभी राहते. दुसऱ्या दिवशी, द्वितीयेला, दुपारी दीडच्या सुमारास मी नर्मदेच्या मुखाशी पोचलो. हात सोललेले होते, पावसाने डोळे चुरचुरत होते. समोर एक वाळूचा दांडा दिसला, कोरडा. मी विचार केला, आत्ता दीड वाजलाय, म्हणजे पूर्ण भरती आहे. पूर्ण भरतीला जो दांडा कोरडा, तो कधीच बुडणार नाही. याहून पक्का तर्क मी प्रयोगशाळेतही कधी केला नव्हता. कनू वर ओढली, तिची दोरी पायाला बांधली आणि झोपलो.

जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. आगगाडी पुलावरून जावी तसा तो आवाज होता. उठेपर्यंत पाणी गुडघ्याला आणि पुढच्या क्षणी छातीला. नर्मदेच्या मुखाशी भरती मुंबईच्या चार तास मागे चालते. मी जिला ओसरणारी समजलो होतो ती भरती अजून यायची होती. वल्हे गेले, खाण्याचा डबा गेला, पिण्याचे पाणी गेले. पायाची दोरी होती म्हणून होडी राहिली. उलथ्या होडीच्या पाठीला मिठी मारून मी नदीत आत आत वाहत गेलो. दोन तासांनी जाळी टाकणाऱ्या एका कुटुंबाने मला चिखलातून ओढून काढले. त्यांनी रोटला आणि मिरची दिली, दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचे एक वल्हे दिले. त्यांच्यातल्या म्हातारीने माझ्याकडे पाहून मुलाला विचारले, "आने कोई मा-बाप छे के नहीं?" याला कुणी आईबाप आहेत की नाहीत?

त्यांच्या गावातल्या एसटीडी बूथवरून मी साहेबांना फोन केला. काचेपलीकडे माणसे रांगेत उभी होती, मीटर पळत होता. मी म्हणालो, "साहेब, तिथीचा हिशेब इथे चालत नाही. चुकला." छापील कागदही तितकाच चुकला, हे मी बोललो नाही. तो कागद त्यांनी दिलेला होता. त्यांना कमीपणा येईल असे वाक्य माझ्या तोंडातून निघतच नसे, आणि बाबांना येईल असे सहज निघाले. पुढे जे हसे झाले त्याची ठिणगी माझीच, हे आधी कबूल करतो.

पुढे मी रोज प्रत्यक्ष भरतीची वेळ वहीत टिपली. हजिऱ्याला फरक अडीच तासांवर आला. दमणला दीड. तिथे वादळाने तीन दिवस किनाऱ्यावर डांबले, लाटा धक्क्यावरून उडून रस्त्यावर पडत होत्या. डहाणूला फरक तासाच्या आत आला आणि मुंबई ओलांडल्यावर उरलाच नाही. खाली येत गेलो तसा बाबांचा हिशेब एकेक तासाने बरोबर होत गेला. तो कधी चूक नव्हताच. तो त्यांच्या पाण्याचा होता आणि मी तो दुसऱ्याच्या पाण्याला लावला होता.

पंचविसाव्या दिवशी, भाद्रपद शुद्ध दशमीला, मी गावच्या खाडीच्या तोंडाशी आलो. गौरी-गणपती नुकतेच गेलेले, मुंबईचे चाकरमानी अजून गावात होते. बाबांनी आदल्या दिवशीच जेटीवर सांगून ठेवले होते, "दशमी हाय. साडेसातला पाणी भरंल. पोरगा त्याच पाण्यावर आत येईल, नायतर तोंडावरनं आत येताच येत नाय." मी जेटीला टेकलो तेव्हा सकाळचे सात वाजून बत्तीस मिनिटे झाली होती. बाबा पायऱ्यांवर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी मला नाही, आधी होडीला हात लावला.

दोन तासांनी मांडव भरला. साहेब जीपने आले होते, बरोबर फलक आणि छायाचित्रकार. बाबांना पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवले. साहेबांचे मराठी भाषण फर्डे. ते म्हणाले, "आमचा हा वीर निघाला कसा, तर पंचांग काखेत मारून. वडिलांनी सांगितलेली तिथी. आणि झोपला कुठे, तर भर समुद्रात. म्हणे बाबा म्हणालेत इथे पाणी येणार नाही." लोक हसले. "मित्रहो, जग आता विज्ञानाचं आहे. यापुढे तिथी फक्त उपासाला." तेव्हा सगळा मांडव हसला. मासे विकणाऱ्या बायका हसल्या, माझे शाळासोबती हसले, दोन तासांपूर्वी ज्यांनी ती साडेसातची भरती डोळ्यांनी पाहिली होती तेही हसले. बाबा टोपी सारखी करत बसले.

मग ध्वनिक्षेपक माझ्या हातात आला. छापील कागद माझ्या खिशात होता, प्लास्टिकच्या पिशवीत, सुरुवातीपासून. तो काढून वाचायला अर्धे मिनिट पुरले असते. मी म्हणालो, "साहेबांनी मला घडवलं. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही."

घरी गेल्यावर बाबांनी एवढेच विचारले, "सायबाच्या छापील कागदात काय व्हतं?"

"तेच. बारा मिनिटांचा फरक."

"मग तू बोल्लास का नाय?"

त्यांनी माझी वही मागून घेतली, नर्मदा, हजिरा, दमण, डहाणू अशी नावे कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिली आणि प्रत्येकापुढे किती तास मिळवायचे ते मांडले. चूक कळल्यावर ती दुरुस्त करून लिहून ठेवणे याला विज्ञान म्हणतात, आणि त्या मांडवात ते करणारा माणूस एकच होता.

जेटीवर मात्र त्यानंतर थट्टा सुरू झाली. "काका, पाणी कधी? की सायबाला विचारून सांगता?" पहिल्या वर्षी बाबा हसण्यावारी न्यायचे. मग त्यांनी सांगणे बंद केले. कुणी विचारले तर म्हणायचे, "बग की तूच." हे मला आईकडून कळत राहिले, आणि दर वेळी मला राग यायचा, साहेबांचा आणि स्वतःचाही. सकाळी कारखान्याच्या दारात साहेब भेटले की मी त्यांना नमस्कार करायचो.

दहा-बारा वर्षांनी साहेब निवृत्त झाले. निरोपसमारंभात बोलायला मला सांगितले, कारण मी त्यांचा सगळ्यात जुना लाभार्थी. मी उपकार सगळे मोजून सांगितले, खरे होते ते. मग खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. "द्वितीया. माझ्या वडिलांचा हिशेब, दीड. साहेबांनी दिलेला छापील कागद, एक अठरा. दोन्ही तिथे चार तासांनी चुकले. दोन्ही हिशेब एकच सांगतात हे साहेबांना निघण्याआधीच माहीत होतं, मीच दाखवलं होतं. हसं मात्र एकट्या माझ्या वडिलांचं झालं." सभागृहात कुणाला काही कळले नाही. मागे कुणीतरी टाळी वाजवली, विनोद समजून.

जेवणाच्या रांगेत साहेब जवळ आले. "अरे, अजून त्यातच आहेस? ते गमतीत बोललो होतो मी."

"वडिलांना गंमत वाटली नाही, साहेब."

"मग तेव्हाच बोलायचं होतंस."

ते बरोबर बोलले होते, आणि त्याचाच राग जास्त आला.

घरी येऊन मी गावी फोन लावला आणि बाबांना सगळे सांगितले. मला वाटले, त्यांना बरे वाटेल. ते म्हणाले, "तिकडं सांगून काय व्हनार? हसले ते हिकडचे."

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिले, वडिलांचे जेटीवरचे काम. बायकोने तो वाचला. ती हसली नाही. म्हणाली, "तिथे सगळे एकदम कधी सापडतात?"

"भरतीला. होड्या आत येतात तेव्हा."

"मग वेळ बघून जा ना."

मी भिंतीवरचे कॅलेंडर काढून घेतले. शनिवारी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. या वेळी कुठल्याही छापील कोष्टकाशी मी ते ताडून पाहिले नाही, जुना कागद पिशवीतच ठेवला. तो वाचायचा होता तिकडे, जेटीवर.