हुसेनसाबच्या कानांवरचा आळ

"चाचा, ढोलक खाली ठेवा," ताबीश म्हणाला.

हुसेनसाबने ढोलक खाली ठेवला नाही. उलट मांडी आणखी घट्ट घातली, दोरीच्या कड्या वर सरकवल्या आणि डाव्या पुडीवर अशी एक थाप हाणली, की गच्चीच्या कठड्यावरची कबुतरं उडाली.

सोलापुरात नई जिंदगी भागात ताबीशच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत, त्यांच्या कव्वाली पार्टीची तालीम चालली होती. उरूस तोंडावर आलेला. ताबीश हा हुसेनसाबचा सख्खा पुतण्या. दिवसा कापडाचं दुकान, संध्याकाळी गाणं. गळा असा, की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. त्याने या वर्षी नवा कलाम बसवला होता आणि त्यात एक अवघड जागा होती. गाता गाता ताबीश एका शब्दावर अचानक थांबायचा. तो थांबला की पेटी, टाळ्या, ढोलक, सगळ्यांनी त्याच क्षणी गप्प व्हायचं. मग तोच शब्द तो हळूच पुन्हा उचलायचा आणि ढोलकाची थाप बरोबर त्या अक्षरावर पडायची. या पार्टीत इशारे करायची रीत नव्हती. गाणारा डोळे मिटून गातो आणि ढोलकवाला त्याच्या शब्दावर जगतो, असं हुसेनसाबच्या वडिलांपासून चालत आलेलं.

आणि त्या दिवशी ताबीश थांबला, पेटी थांबली, टाळ्या थांबल्या, हुसेनसाबचा ढोलक मात्र एकटाच वाजत राहिला. भर प्रवेशात सगळी पात्रं विंगेत जावीत आणि एकट्यानेच संवाद म्हणत उभं राहावं, तसं झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"चाचा, तुम्हाला माझा आवाज येतोय का?"

"हेडफोनात पेटी येतीय. टाळ्या येतायत. तुझा आवाज न्हाय येत."

"कान पार गेले की हो चाचा," ताबीश म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "मोईनला सांगून ठेवतो. पोरगा इलेक्ट्रॉनिक पॅडवर ढोलक वाजवेल. तुम्ही पुढे बसा, ऐका, दुवा द्या."

"दुवा घरी बसूनबी देता येते. मी ढोलक वाजवायला आलोय."

हुसेनसाबच्या कानांची गोष्ट साऱ्या मोहल्ल्याला माहीत होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत उभा जन्म गेला. टॉवेलच्या मागांवर जॉबर होता तो, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. शेडमध्ये शेकडो मागांची खडखड अशी, की तिथं माणसं तोंडाने बोलतच नाहीत. ओठ हलवतात, बोटं नाचवतात आणि समोरचा समजतो. त्या खडखडीने हळूहळू आपला वाटा काढून घेतला. आधी चिमण्या गेल्या, मग दारावरची घंटी, मग माणसांच्या बोलण्यातली अर्धी अक्षरं. कानात घालायचं मशीन आणलं, ते बोलण्यापुरतं बरं. पण ढोलकावर थाप पडली की ते शीळ घालायचं.

मग पुण्याला दिलेल्या मुलीने, यास्मीनने, एक दिवस हे दुसरं यंत्र आणलं. हेडफोनचा आवाज वाढवणारं यंत्र, काड्यापेटीहून थोडं मोठं, खिशात मावणारं. एका अंगाला फिरवायचं गोल बटण, दुसऱ्या अंगाला बारकी खिट्टी. खिट्टी वर केली की जोर जास्त, खाली केली की बेताचा. मोबाइलमधून किंवा मिक्सरमधून आलेली वायर एका भोकात घालायची, मोठा हेडफोन दुसऱ्या भोकात, आणि ऐकायचं. "अब्बा, बटण आधी शून्यावर, मग हेडफोन कानावर, मग हळूहळू वर," असं तिने पुन्हा पुन्हा घोकून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी अब्बांनी उलटं केलं आणि पाटावरून उडी मारली, तेव्हापासून तो नियम ते नमाजाच्या वेळेइतका पाळू लागले. चार्जिंगला लावून ऐकलं की गुणगुण येते, मोबाइल शेजारी ठेवला की फोन येण्याआधी टरटर होते, हेही त्यांनी शोधून काढलं. आणि यंत्राला ओरखडा नको, म्हणून टॉवेलच्या जाड लवदार तुकड्याची पिशवी स्वतः शिवली. सोलापूरचा माणूस, दुसऱ्या कशाची शिवणार?

त्या यंत्राने हुसेनसाबला त्याची जागा परत मिळवून दिली होती. आणि आता तेच फितूर झालं होतं.

घरी येऊन त्याने तालमीचं रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं. पेटी खणखणीत, टाळ्या खणखणीत. ताबीश मात्र कुठं तरी विहिरीच्या तळाशी पुटपुटत असल्यासारखा. यंत्र चार्ज केलं. मोबाइलकडची वायर बदलली. खिट्टी वर केली, खाली केली. विहिरीतला माणूस काही वर आला नाही.

दुसऱ्या दिवशी तो सात रस्त्याला शिवराजच्या दुकानात गेला. शिवराज स्पीकर, अँप्लिफायर दुरुस्त करणारा. हाताचा चांगला, तोंडाचा मोकळा. हेडफोन तपासून बघतो म्हणून सकाळीच ताबीश घरी येऊन घेऊन गेला होता, त्यामुळे हुसेनसाबकडे नुसतं यंत्र होतं. शिवराजने आपला लहान इअरफोन त्यात दाबून बसवला, एक गाणं लावलं, मान डोलावली.

"काका, मशीन ठणठणीत हाय."

"काय?"

"ठण-ठणीत!" शिवराज ओरडला. रस्त्यावरचा एक स्कूटरवाला वळून बघू लागला.

तेवढ्यात ताबीशचा फोन आला. शिवराजनेच घेतला आणि निरोप पोचवला. "हेडफोन त्यांनी मोबाइलला थेट लावून ऐकला म्हणं. एकदम क्लिअर. काका, मशीन चांगलं, हेडफोन चांगला. मग राहिलं काय? कानाच्या डॉक्टरांना दाखवा की."

"शिवराज, मी यंत्र दाखवायला आणलंय," हुसेनसाब म्हणाला. "कान दाखवायला आणला न्हाय."

"रागवू नका की काका."

"रागवू नको तर काय नाचू? कालपर्यंत ऐकत हुतो. कान काय बल्ब हाय, फट्कन उडायला?"

तो बाहेर पडला. रिक्षाची वाट पाहिली नाही. उन्हात चालतच निघाला, आणि चालता चालता मोठ्याने भांडत होता, ताबीशशी, शिवराजशी, मोईनच्या त्या प्लॅस्टिकच्या पॅडशी. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो हे कळत नाही, त्यामुळे आसरा चौकापर्यंतच्या लोकांना सगळं भांडण फुकटात ऐकायला मिळालं.

घरी त्याची बायको जाहिदाबी ज्वारी निवडत बसली होती. मंगळवेढ्याची लेक. काळ्या रानातली ज्वारी आणि काळ्या रानातलीच जीभ. ताबीशने हेडफोन घरी पोचवला होता, तो तिच्याजवळ सुपाशेजारी पडलेला.

"काय म्हणाला शिवराज?"

"कान गेले म्हणाला."

"त्याला काय कळतंय? माझं बोलणं तर पाठ फिरवूनबी ऐकता तुमी. नको ते तेवढं बरोबर ऐकता."

हुसेनसाब हसला नाही. यंत्र, हेडफोन, मोबाइल जोडून त्याने पुन्हा रेकॉर्डिंग लावलं, ऐकलं आणि हेडफोन काढून चटईवर टाकला. "जा. मोईनला बसवा म्हणावं. मी बघतो कसा बसवतात ते."

आता एक गंमत लक्षात घ्या. यंत्र शिवराजने ऐकलं होतं. हेडफोन ताबीशने ऐकला होता. पण यंत्राला तोच हेडफोन लावून, जसं हुसेनसाब ऐकतो तसं, कोणी म्हणजे कोणीच ऐकलं नव्हतं. बहिऱ्या माणसाचा हेडफोन आहे, कान फाटेल, म्हणून सगळे दुरूनच पाहत होते.

जाहिदाबीने हात पदराला पुसले. बटण शून्यावर नेलं, कारण लेकीचा तो नियम ऐकून ऐकून तिचाही पाठ झाला होता. हेडफोन डोक्यावर चढवला आणि हळूहळू बटण फिरवलं. कपाळावर आठी पडली.

"अगं बाई!" ती ओरडली. हेडफोन घातलेलं माणूस नेहमी ओरडतंच. "पेटी हाय! टाळ्या हायत! आमचा ताबीश कुटं गेला?"

हुसेनसाबने तिचे ओठ वाचले. तरी त्याला खात्री हवी होती. त्याने तिचे दोन्ही खांदे धरले. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"ताबीशचा आवाजच न्हाय की हो ह्यात! मलाबी न्हाय येत!"

जाहिदाबीचे कान म्हणजे मोहल्ल्याचे कान. तीन घरं पलीकडे भांडं पडलं, तर पितळी की स्टीलचं ते ती सांगायची. तिला ऐकू येत नाही म्हणजे नाहीच. हुसेनसाब उठून उभा राहिला. विंगेच्या अंधारातून एखादा नट एकदम प्रकाशात यावा तसा त्याचा चेहरा झाला.

"कान न्हाय गेले," तो म्हणाला. "जाहिदा, कान न्हाय गेले!"

मग तो खाली बसला आणि यंत्राकडे आयुष्यभर मागाकडे बघितलं तसं बघू लागला. आडवा धागा नेणारा धोटा चांगला, तो जिथं जाऊन थांबतो ती पेटीही चांगली, तरी माग अडतो. कधी? धोटा पेटीत पुरता बसला नाही की. बोटभर नको, नुसता नखाएवढा बाहेर राहिला तरी. त्याने हेडफोनची पिन निरखली. बरोबर. पिन भोकात गेली होती, पण आतवर नाही. कडेला चकचकीत धातूची बारीक कड दिसत होती. दाबली तरी आत जाईना. शिवराजच्या इअरफोनची पिन जरा लांब आणि बारीक, ती जोराने आत बसली असणार. ही आखूड जाडी पिन अडली होती.

"सुई देऊ?" जाहिदाबीने विचारलं.

"सुई नको, आतलं काहीतरी जळंल. आधी यंत्र बंद. लाकडी दातकोरणं दे."

दातकोरणं आत फिरलं आणि बाहेर आला एक चिवट, काळपट बोळा. जाहिदाबीने तो बोटावर चोळला, नाकाशी नेला.

"हे तर आपल्या टॉवेलचं तूस! तुमच्या त्या पिशवीचं!" मग पुन्हा वास घेतला. "आन् हे तेल कुठलं?"

हुसेनसाब छताकडे बघू लागला.

"अजी, मी इचारतेय. तेल कुठलं?"

"पिन जरा कडक जात हुती. एक थेंब सोडला हुता. शिलाई मशीनचा."

"यंत्राला तेल पाजलं!" जाहिदाबी हसता हसता सुपावर कलंडली. "आन् शिव्या बिचाऱ्या शिवराजला!"

पण कारखान्यातला माणूस दुसरं काय करणार? जे जड चालतं त्याला तेल, जे नाजूक त्याला टॉवेलची घडी. लवदार टॉवेलचं तूस भोकात साचलं, तेलाने ते घट्ट बसलं आणि पिन अडली. पिनेच्या बुडाला जी कड असते, तिच्यातून दोन्ही कानांचा आवाज परत फिरतो. ती कड टेकली नाही की जे दोन्ही कानांना सारखं येतं तेच एकमेकांना मारून टाकतं. मिक्सरवर ताबीशने पेटी एका बाजूला ठेवली होती, टाळ्या दुसऱ्या बाजूला, आणि स्वतःचा गळा मधोमध. म्हणून नेमका तोच नाहीसा झाला.

पिन खट्‌ करून बसली. बटण शून्यावर, हेडफोन कानावर, मग हळूहळू वर. आणि ताबीश आला. नुसता आला नाही, शब्दाआधी घेतलेला श्वाससुद्धा आला. जाहिदाबी काही विचारत होती. हुसेनसाबने हात वर केला. तिने पाहिलं, तो डोळे मिटून मांडीवर बोटांनी ठेका धरत होता. ती पुन्हा ज्वारी निवडू लागली.

पुढच्या तालमीला तो गेला, तेव्हा त्याच्या जागेवर मोईनचं पॅड मांडलेलं होतं. हुसेनसाबने पॅडची वायर गुंडाळली, पॅड उचलून मोईनच्या मांडीवर ठेवलं आणि आपली सतरंजी पसरली. मोईन पोरगा भला, त्याने सरकून जागा दिली. ताबीश गायला. थांबला. आणि ढोलक त्याच्याबरोबर असा थांबला, की खालच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळी वर ऐकू आली. ताबीशने शब्द उचलला. थाप अक्षरावर.

गाणं संपल्यावर ताबीश उठून आला आणि चाचांच्या गुडघ्याला हात लावला. "माझं चुकलं, चाचा. आणखी एकच. उरुसाला एवढा मोठा हेडफोन बरा नाही दिसायचा. पोरं व्हिडिओ काढतील, हसतील. तुम्ही मागच्या रांगेत, स्पीकरच्या आडोशाला बसा. वाजवा तुम्हीच."

"चश्मा घालून गातोस की तू. तो लपवतोस?"

"चश्म्याची गोष्ट वेगळी आहे, चाचा."

"का वेगळी? अरे, ह्या शहराचे टॉवेल इणताना कान गेले माझे, चोरी करताना न्हाय गेले. मी आडोशाला बसणार न्हाय. तुझ्या उजव्या हाताला बसणार, माझे वालिद बसत हुते तितं. हसू दे हसणाऱ्यांना. हसून झालं की ऐकतील."

उरुसाच्या दिवशी संध्याकाळी, दिवे नुकतेच लागले होते, तेव्हा हुसेनसाब ताबीशच्या उजव्या हाताला बसला. पांढरी टोपी, त्यावर तो काळा मोठा हेडफोन, समोर चादरीवर यंत्र. मंडपात खसखस पिकली. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ डीजे चाचा!" मोबाइल वर झाले. हुसेनसाबने बटण शून्यावर नेलं, मग निवांतपणे वर आणलं, आणि सगळ्या मोबाइलांकडे बघून छाती पुढे काढली, फोटो नीट यावा म्हणून.

कलाम रंगला. ती जागा आली. ताबीश थांबला. अख्खा मंडप थांबला. हुसेनसाबचा हात हवेत होता. मग शब्द उगवला आणि थाप पडली, आणि मंडपातून अशी काही "वाहवा" उठली, की पुढच्या ओळीसाठी ताबीशला थांबावं लागलं.

मागून तोच पोरगा पुन्हा ओरडला. हेडफोनमुळे हुसेनसाबला ते ऐकू आलं नाही. त्याने मोईनकडे बघून भुवई उडवली. मोईनने ओठ हलवून, एकही आवाज न करता सांगितलं, तो म्हणतोय, डीजे चाचा, और एक बार.

"त्याला म्हणावं," हुसेनसाब भर मैफलीत, आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "तितं लांब काय बसलाय? पुढं येऊन बस की!"