बुजगावण्याची खुर्ची

ऑक्टोबर लागला की कोल्डन फेरी गावात लूएला डेव्होच्या ओसरीवर बुजगावणं येऊन बसे. तिच्या नवऱ्याचा, अर्लचा जुना कोट, त्यात ठासून भरलेलं वाळकं गवत, तोंडाला तागाची पिशवी आणि मांडीवर चॉकलेटांचं पातेलं. महिनाभर ते तिथंच. पोरं जाता-येता त्याच्या नाकाला टिचकी मारत. मग शेवटच्या शनिवारी, लांबलांबची कुटुंबं नदीकाठच्या या जुन्या गावात भुताखेतांची मजा करायला येत तेव्हा, बुजगावणं गुपचूप मागच्या खोलीत जाई आणि तोच कोट, तीच पिशवी चढवून लूएला खुर्चीत बसे. कुणी पातेल्यात हात घातला की मनगट धरायचं. बस, एवढंच.

युक्ती अर्लची. तो गेला त्या वर्षी खुर्ची रिकामी राहू नये म्हणून ती बसली, आणि मग बसतच राहिली. एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळणारी, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारी बाई. तिच्याकडे वळून बघावं असं काही नव्हतं. हा एक दिवस तेवढा तिचा होता. गावानंही एक रीत पाळली होती : ज्याचं मनगट एकदा धरलं गेलं त्यानं ते कुणाला सांगायचं नाही. लहानपणी इथंच किंचाळलेले बाप आता आपल्या पोरांना गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "घे की. बुजगावणंच तर आहे."

यंदा उन्हाळ्यात समोरच्या घरात ब्रिन कॅसिडी राहायला आली. तरणीताठी, शहरातली, तोंडभर हसणारी. तिनं अंगणात छपराला टेकेल एवढा सांगाडा उभा केला आणि जमिनीवर धूर सोडणारं यंत्र आणलं.

"बघितलास का गं सांगाडा?" पोस्टातल्या डेल्फीननं विचारलं. "डोळे फिरवतो."

"डोळे तर माझेपण फिरतात," लूएला म्हणाली.

वर ब्रिन स्वतःच एकदा ओसरीवर आली. "लूएला, तुमचं बुजगावणं किती गोड आहे हो. पण अंधारात कुणाला दिसणार बिचारं? एक दिवा देऊ का माझ्याकडचा?"

"त्याला अंधारच बरा वाटतो."

ते 'बिचारं' लूएलाला झोंबलं. रविवारी तिनं प्रार्थनेत सांगितलं, देवा, ही जळजळ माझ्या मनातून काढून टाक. आणि डोळे उघडता उघडता पुढं जोडलं, पण शनिवारी तिचं ते यंत्र बंद पडलं तर बघ. मग स्वतःचीच लाज वाटून तिनं पुन्हा डोळे मिटले.

यंत्र बंद पडलं नाही. शनिवारी दिवस कलला तशी सगळी गर्दी समोरच्या कुंपणाला लागली. लूएलाला त्याचंही एवढं वाटलं नसतं. पण तिचा मुलगा वेस्ली शहरातून आला आणि त्याची लेक मार्नी गाडीतून उतरली ती आजीच्या ओसरीकडे न येता सरळ रस्ता ओलांडून गेली. गेल्या वर्षी याच पोरीचं मनगट आजीनं धरलं होतं. भेदरून रडली, मग हसली आणि झोपेपर्यंत मांडीवरून उठली नव्हती.

पिशवीच्या भोकांतून लूएला बघत राहिली. गवत मानेला टोचत होतं. समोर मार्नी ब्रिनच्या कानाला लागून काहीतरी सांगत होती, ब्रिन खाली वाकून हसत होती. घे, तिलापण घे, लूएला मनात म्हणाली. गर्दी घेतलीस, आता नातपण ठेव तुझ्याकडेच.

आणि बघते तर दोघी हातात हात घालून रस्ता ओलांडून इकडेच येत होत्या.

"तुला म्हटलं ना, आजीकडची चॉकलेटं भारी असतात," मार्नी म्हणत होती.

"अगं, पण आजी कुठं दिसत नाहीत. विचारायला नको?"

"आजी आत डोनट तळतेय. तू घे. बुजगावणंच तर आहे."

ते वाक्य, तोच गंभीर चेहरा. लूएलाच्या ध्यानात आलं, पोरगी सावज घेऊन आली होती. ब्रिन गावात नवी. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतं.

तरी क्षणभर लूएलाला वाटलं, हलायचंच नाही. बसावं गवतासारखं. तिला कशाला धरा? एकदा धरलं की ती गावातलीच होणार. मग हिला 'समोरची' म्हणायची सोयही उरणार नाही.

ब्रिनचा हात पातेल्यात गेला. मार्नी श्वास रोखून पिशवीच्या भोकांत बघत होती. ब्रिनकडे नाही, आजीकडे.

लूएलानं मनगट धरलं. धरायला हवं त्याहून जरा जास्तच घट्ट.

ब्रिन अशी किंचाळली की समोरची गर्दी सांगाडा सोडून वळली. जुनी माणसं हसू लागली, नव्या पोरांचे आईबाप कुजबुजत इकडे सरकले. ब्रिन पायरीवर मटकन बसली. चॉकलेटं तिच्या मांडीवर सांडली होती.

"आता कुणाला सांगायचं नाही हं," मार्नीनं तिला बजावलं, आणि आजीच्या गुडघ्याला येऊन चिकटली.

"नाही सांगत," ब्रिन छातीवर हात ठेवून म्हणाली. पोरांची रांग लागायला लागली तशी ती खालच्या आवाजात बोलली, "लूएला, पुढच्या वर्षी एकदा मी बसू का हो इथं?"

लूएलानं पिशवी सारखी केली, पातेलं मांडीवर ओढलं.

"बुजगावणी बोलत नसतात," ती पुटपुटली. मग रांगेला वाट राहील इतपत पाय बाजूला घेतले आणि ब्रिन बसली होती तिथंच तिला बसू दिलं.