नानांनी न कापलेली वायर

धुळ्यात गाड्यांचे रेडिओ बसवणाऱ्या नानांनी माझी पहिली ड्रायव्हरची नोकरी वाचवली. आज सुरतेत उन्हानं तापलेल्या डॅशबोर्डचा वास आला आणि ती दुपार आठवली.

शेठच्या नव्या गाडीतला कंपनीचा रेडिओ काढून दुसरा बसवायचा होता. नववीत शाळा सोडलेला मी; वायर कापली गेली तर वॉरंटीबरोबर नोकरीही जाईल, या भीतीनं घामाघूम.

"नाना, कापू नका हं!"

"आरे भाऊ, कापाले मी काय शिंपी शे का?"

चमच्याला फडकं गुंडाळून त्यांनी रेडिओभोवतीची पट्टी अलगद उचकटली, ओरखडासुद्धा नाही. वायर न कापता कंपनीच्या प्लगलाच नव्या रेडिओचा जुळणारा प्लग लावला. रेडिओ वाजला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

आयुष्यभर कामासाठी उभ्या गाड्यांतच बसलेल्या नानांना एक दिवस माझ्या स्वतःच्या गाडीत पुढं बसवून मी लांब फिरवून आणीन.