नदीची ओटी

कंपनीने जळगाव-धुळ्याच्या पाइप-विक्रेत्यांना बँकॉकला नेलं, तेव्हा व्यवस्था माझ्याकडे होती. धुळ्याचे एक भाऊ नदीकाठच्या त्या बड्या हॉटेलात गालिचा आला की चपला हातात घेत आणि हळूच बोलत, जणू कुणी झोपलंय.

शेवटच्या पहाटे ते धक्क्यावर खण-नारळ घेऊन उभे होते. होड्या स्वप्नात असल्यासारख्या सरकत होत्या.

"घरवालीनी देयेल शे. अक्का, नदीनी ओटी तुम्हीच भरा. गडीमाणसं नही भरतस."

"भाऊ, मी विधवा. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत शे. नदी थोडीच इचारस?"

नऊ वर्षांत मला कुणी ओटी भरायला बोलावलं नव्हतं. मी वाकले. खण पाण्यावर पसरला, नारळ डुलत दूर गेला.

"चाला अक्का, बस लागनी."

मी हात पुसले नाहीत.