मेंढीला आरसा

त्याचं खरं नाव सलूनच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? सगळे त्याला मागेबघाच म्हणायचे. केस कापून झाले की तो गिऱ्हाईकाच्या डोक्यामागे छोटा आरसा धरायचा आणि म्हणायचा, "मागे बघा." आता मला सांगा, मागून वाकडं कापलेलं दिसलं तरी माणूस काय करणार, केस परत चिकटवून घेणार? सगळे मान डोलवून मोकळे व्हायचे. पण तेवढं झाल्याशिवाय हा बाबा गळ्याभोवतीचं कापड सोडायचा नाही. एकदा एक घाईतला माणूस तसाच पळाला, तर ह्याने त्याला भर चौकात गाठून त्याची मागची बाजू दाखवली होती.

त्याची बायको नर्स. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका इस्पितळाने तिला बोलावून घेतलं. ती पुढे जाईल आणि बस्तान बसलं की हा मागून जाईल, असं ठरलं होतं. ती तिकडे उतरली आणि इकडे नियम बदलला. नवऱ्यांनी बायकोच्या पदराला धरून यायचं नाही, स्वतःच्या कौशल्यावर व्हिसा काढायचा! "मग काय, कौशल्याला कुठे तोटा आहे?" असं म्हणत हा एजंटाकडे गेला.

एजंटाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "नर्स चालते. वेल्डर चालतो, सुतार चालतो, छपरं घालणाऱ्याला तर पळवतच नेतात. केस कापणारा नाही चालत."

"का? तिकडच्या लोकांचे केस वाढत नाहीत?"

"वाढतात, पण कापणारे त्यांचे त्यांना पुरतात. हां, मेंढ्यांची लोकर कापणारा चालेल. डोकं भादरलं काय नि अंग भादरलं काय, मशीन तेच."

दुसरा कुणी असता तर एजंटाचीच बिनपाण्याने केली असती. मागेबघा मात्र खुर्चीत तसाच बसून राहिला. बायकोवाचून घर त्याला खायला उठत होतं. चहा अजून दोन कप व्हायचा आणि दुसरा कप तो उभ्याउभ्या बेसिनमध्ये ओतायचा. "चालेल," तो म्हणाला.

आता सरावाला मेंढी कुठून आणायची? बायकोचा भाऊ होता. ह्या मेहुण्याला काम ना धंदा. मागेबघाने त्याला जाड गोधडी शिवून चढवली, सलूनच्या फरशीवर बसवला, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवून घेतली आणि मोबाइलवरचा व्हिडिओ बघत गोधडी उसवायला सुरुवात केली. व्हिसासाठी लोकर कापायची परीक्षा द्यायची होती आणि तिची अट एकच होती. लोकर अख्खी निघाली पाहिजे, स्वेटर काढल्यासारखी. तुकडे पडले की नापास.

"भाऊजी, गुदगुल्या होतात हो!" मेहुणा ओरडायचा.

"मेंढी बोलत नसते."

"मेंढीला बहीण पण नसते. ताईसाठी म्हणून सहन करतोय!"

महिन्याभरात गोधडी सबंध निघायला लागली. मेहुण्याने तर उड्याच मारल्या.

परीक्षा गावाबाहेरच्या एका शेडमध्ये होती. परदेशातून आलेला परीक्षक हाताची घडी घालून उभा. एजंट दुभाष्या म्हणून शेजारी. मेंढी आणली गेली. मागेबघाने तिला शिकल्याप्रमाणे ढुंगणावर बसवलं, पाठ गुडघ्यांना टेकवली, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. मेंढी अगदी खुर्चीत बसल्यासारखी मागे रेलली, पाय सैल सोडले आणि त्याच्याकडे वर बघितलं. वीस वर्षं माणसं ह्याच्याकडे अशीच बघत आली होती. ह्याचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला, तिथलं सलूनचं कापड काढलं, झटकलं आणि मेंढीच्या गळ्याभोवती बांधलं.

"कसे कापायचे? मध्यम की बारीक?"

"बें," मेंढी म्हणाली.

"बारीक."

एजंटाने कपाळाला हात लावला. मागेबघाला आता कुणीच दिसत नव्हतं. मशीन बाजूला पडलं. खिशातून कंगवा निघाला, कात्री निघाली. कल्ले सारखे झाले, मानेवरची कड सरळ झाली, कानामागचे केस दोन बोटांत धरून उडवले गेले. लोकरीचा भुगा शेडभर पसरला. मेंढी डोळे मिटून घोरायच्या बेतात. शेवटी त्याने तिच्या मानेवरून ब्रश फिरवला, मागे छोटा आरसा धरला आणि अदबीने म्हणाला, "मागे बघा."

मेंढीने मागे बघितलं. देवाशपथ, बघितलं!

परीक्षकाने मेंढीभोवती एक फेरी मारली. मग त्याने एजंटाला काहीतरी सांगितलं. एजंट म्हणाला, "साहेब म्हणतात, इतकी नीटनेटकी मेंढी त्यांनी जन्मात पाहिली नाही. नापास. परत पुढच्या वर्षी."

संध्याकाळी बायकोचा व्हिडिओ कॉल आला. ह्याने काही न लपवता सगळं सांगितलं. "माझंच चुकलं गं. तुझ्याकडे यायचं होतं, आणि मी कल्ले कापत बसलो."

"अहो, आरसापण दाखवलात तिला?" ती हसत सुटली. हसता हसता तिचा आवाज चिरकला. "दोन वर्षं झाली, मला कुणी माझी मागची बाजू दाखवली नाही. केस माझे मीच कापते, अंदाजाने."

मागेबघा फोनवर वाकला. मग म्हणाला, "फिर बघू. फोन मागे धर."

ती पाठमोरी झाली. केस डावीकडे दोन बोटं लांब होते, मध्येच एक खाच पडली होती. त्याने फोनवर फोटो काढून घेतला आणि तिला पाठवला.

"आता मागे बघा," तो म्हणाला.

तिने फोटो बराच वेळ बघितला. "फार वाकडं झालंय हो."

"होऊ दे. परत फिर, फोन मागे टेकवून ठेव आणि कात्री घे. मी सांगतो तसं काप. मान थोडी खाली."

तिने मान खाली घातली. अजून थोडी हवी होती, म्हणून ह्याने सवयीने दोन बोटं पुढे केली, आणि बोटं फोनच्या काचेवर टेकली.