पट्ट्यावरची जाळी

मुखरू लोनबले मूल गावातल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर आहे. तीन वर्षांपूर्वी तीन कारखान्यांनी मिळून खेड्यांसाठी धान भरडायची छोटी मशीन बनवायचं ठरवलं. चंद्रपूरच्या कारखान्याने ढाचा करायचा, ऊर्जानगरजवळच्याने मोटर आणि पट्टा द्यायचा, मुखरूच्या वर्कशॉपने रोलर. सगळं जोडायचं मुखरूने.

जोडताना त्याला दिसलं, फिरत्या पट्ट्यावर जाळीच नाही. त्याने फोन केले. ढाचेवाले म्हणाले, पट्टा त्यांचा, त्यांना विचारा. पट्टेवाले म्हणाले, जाळी ढाच्यात येते. त्याचा मालक म्हणाला, "ट्रायल होऊन जाऊ दे, मंग पाहू." मुखरूने मशीन गाडीत चढवली.

ट्रायल जंगलाकडच्या एका गावात, बचत गटाच्या शेडमध्ये होती. धान ओतायला सीता नावाची बाई वाकली आणि तिचा पदर पट्ट्यात गेला. मशीन सुरू करून मुखरू बटणापाशीच उभा होता. त्याने मशीन बंद केली, तोवर पदरासोबत हातही ओढला गेला होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

तेव्हापासून पट्ट्याची फडफड ऐकली की मुखरूला शेडमधला कोंडा दिसे, आणि कोंड्यावर पसरत जाणारं रक्त. घरातला पंखाही त्याला सोसवेना. मे महिन्यात त्याची बायको मनकर्णा पंखा बंद ठेवून सुपाने वारा घेत बसे.

अपघातानंतर महिनाभराने तिन्ही मालक एकत्र बसले. चूक कोणाच्या नकाशातली, यावर वाद चालला होता. मुखरूने भंगारातल्या पत्र्याची, स्वतः ठोकलेली जाळी टेबलावर ठेवली.

"हे कोणाच्याच नकाशात नाई. याच्याबिगर मी मशीन जोडत नाई."

जाळी नकाशात आली. नवी मशीन घेऊन मुखरू त्याच गावात गेला. सीता डाव्या हाताने धान ओतत होती.

"भाऊ, बटन दाबा ना."

त्याचा हात उठेना.

"बाई, जाळी नाई हे मले तवा मालूम होतं."

सीता त्याच्याकडे पाहत राहिली. "मंग काऊन नाई बोलले?"

"मालकाले बोललो होतो. तुले नाई बोललो."

पुढे होऊन तिनेच बटण दाबलं. धान संपेपर्यंत मुखरू बाहेर उन्हात उभा होता.

त्या मशिनी आता बऱ्याच गावांत आहेत. मुखरू अजूनही त्या जोडतो. मशीन जोडून झाली की पहिल्यांदा सुरू करायला मात्र तो दुसऱ्या कोणाला तरी हाक मारतो.